पडद्याआडचं ताट

समोरच्या काकू गेल्या आणि त्यांच्या घरात सुतक आलं. सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नसतो, पण देव पारोसे राहिलेलेही काकूंना कधी खपले नसते. म्हणून शेजारीण या नात्याने मी जाऊ लागले. सकाळी देवांची आंघोळ, गंध, फूल. दुपारी माझ्या घरून नेलेला दूधभाताचा नैवेद्य. मी शिवणकाम करणारी बाई, देवाधर्माची मला फारशी ओढ नाही. पण माझ्या बाळंतपणात काकूंनी माझं सगळं केलं होतं, एवढं तर करायलाच हवं होतं.

खरी काळजी देवांची नव्हतीच, काकांची होती. काकू गेल्यापासून ते नुसत्या चहावर होते. हृदयाच्या गोळ्या उपाशी पोटी घेऊन एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आलेले, परदेशातून यायला डॉक्टरांनी साफ मनाई केलेली. ती फोनवर एकच विचारायची, "ताई, बाबा जेवले का?" मी काय सांगणार, कपाळ.

नैवेद्य दाखवून मी ताट काकांपुढे ठेवायचे, की ते विचारायचे, "देव जेवले?"

"जेवले, काका. आता तुम्ही दोन घास खा."

"नाही जेवले," म्हणून ते तोंड फिरवायचे.

त्या दुपारी मी वैतागले. "इथे बसून तुम्हाला कसं कळतं हो?"

ते म्हणाले, "तू ताटाभोवती पाणी फिरवतेस आणि पडदा लगेच बाजूला करतेस. आमचा बाळकृष्ण रांगता आहे गं. त्याला भात मऊ करून भरवावा लागतो. ती पडद्याआड त्याच्याजवळ बसायची. त्याचं झालं की मला हाक मारायची. तिने बोलावल्याशिवाय मी कधी जेवलो नाही."

चुकलंच होतं माझं. गिऱ्हाइकांचे ब्लाउज डोक्यावर बसलेले, त्यामुळे मी देवांचं जेवण नुसतं उरकत होते. ताट पुन्हा आत नेलं, पाणी फिरवलं, देवघराचा पडदा ओढला आणि बाहेर येऊन बसले. देवघराची खोली इवलीशी आहे, तिला ना खिडकी ना दुसरं दार.

दुपार निपचित पडली होती. जिन्यात कुणाची चाहूल नव्हती. विझलेल्या वातीचा वास येत होता. त्यात हळूहळू ओल्या चंदनाचा वास मिसळत गेला. सहाण तर मी सकाळीच धुऊन पालथी घातली होती...

मग आत बांगड्या वाजल्या.

भात कालवताना वाजतात तशा, अगदी हळू. थांबल्या. पुन्हा वाजल्या. मध्येच कुणीतरी कुजबुजल्यासारखं म्हणालं, "आ कर... आ..."

खरं सांगते, घाबरले होते तरी डोळे भरून आले. याच आवाजात काकूंनी माझ्या मुलीला भरवलं होतं.

काका मात्र उठले. भिंतीला धरत मोरीवर गेले, हात धुतले आणि पाटावर येऊन बसले.

"काका... तुम्ही ऐकलंत?"

"बोलावलं ना तिने," ते म्हणाले. "वाढ."

डब्यात उरलेला भात मी वाढला. ते जेवले. पुन्हा मागून घेतला. त्यांना जेवताना बघून माझ्या जिवात जीव आला. लेकीला फोन करायचा होता. त्याआधी नैवेद्याचं ताट आणावं म्हणून मी उठले आणि पडद्याला हात घातला.

"थांब जरा," काका घास गिळत म्हणाले. "उघडू नकोस."

"का, काका?"

"तिचं व्हायचंय अजून. माझं झाल्यावर बसते ती."

मी हात मागे घेतला. त्यांनी सावकाश जेवण संपवलं, पाणी प्यायलं, गोळी घेतली. ते पाटावरून उठले आणि आत ताट सरकल्याचा आवाज आला... मग कितीतरी वेळ नुसत्या बांगड्या.

आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळाने मी पडदा सारला. आत कुणी नव्हतं. ताट घासून, धुऊन भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यावरून पाणी अजून निथळत होतं, आणि त्या खोलीत नळ नाही.