खालचं न दिसणारा गॉगल

सुलेखा साळवेनं शंतनू देवधरला होकार दिला, आणि तोही अधांतरी. शब्दशः अधांतरी. पायाखाली काहीच नव्हतं.

हे वाक्य वाचलं नाही असं समजा. तसलं काही घडलेलं नाही. गारखेड्यातल्या सुलेखाच्या चष्म्याच्या दुकानात आजही सगळे असंच समजून वागतात. तिची आई सत्यभामाबाई तर विषय निघाला की लगेच काउंटर पुसायला घेतात. तेव्हा आपणही मार्चमधल्या त्या दुपारपासूनच सुरुवात करू, जेव्हा या दोघांनी एकमेकांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलर घरघरत होता. दार ढकलून एक उंच, सडपातळ माणूस आत आला आणि त्यानं कापडी पिशवीतून एकेक वस्तू काढून काउंटरवर ओळीनं मांडली. एक वेल्डिंगचा काळा गॉगल, एक रसायन उडू नये म्हणून लावतात तो गॉगल, आणि एक पोहण्याचा, लहान मुलाचा, निळा.

"यातला कुठला चालेल?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"विमानातून उडी मारायला."

"कोण मारतंय?"

"मी." हे त्यानं इतक्या दुःखानं सांगितलं की सुलेखानं खुर्ची पुढं केली.

शंतनू देवधर चितेगावच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. गेल्या वर्षभरात त्या कारखान्यात कुणाच्या बोटाला साधं खरचटलंही नव्हतं. व्यवस्थापनाला याचं इतकं कौतुक वाटलं की बक्षीस म्हणून त्यालाच दहा हजार फुटांवरून खाली टाकायचं ठरलं. हार, टाळ्या, फोटो, कूपन.

"नाही म्हणायचं ना मग."

"हार घातल्यावर?"

सुलेखानं मान हलवली. हार घातल्यावर या शहरात कुणीच नाही म्हणू शकत नाही.

"माझी अट एकच आहे, मॅडम. गॉगलमधून खालचं दिसायला नको. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की मला दिसतंय. व्हिडिओ काढणार आहेत."

"इथं दिसायचे चष्मे मिळतात," सुलेखा म्हणाली. "न दिसायचे नाही मिळत."

मग तिनं ओळीनं निकाल लावला. वेल्डिंगच्या गॉगलमधून सूर्य सोडून काहीच दिसणार नाही. रसायनाच्या गॉगलला वरून भोकं नाहीत, श्वासाच्या वाफेनं तो आतून दुधासारखा होणार. आणि पोहण्याचा गॉगल...

"हा तुमचा आहे?"

"चौथीतला."

"पोहायला येतं?"

"नाही. पण खबरदारी घेतली होती."

आई कोपऱ्यातल्या स्टुलावर मेथी निवडत बसली होती. सुलेखाचं हसू ऐकून तिच्या हातातली जुडी थांबली. सुलेखा आठवडाभर हसली नव्हती, हे आईला माहीत होतं. आठवडाभरापूर्वी नाशिकचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, आणि फोटोत डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल. "ज्याचे डोळेच दिसत नाहीत त्याला हो कशी म्हणू?" असं सुलेखाचं म्हणणं होतं. "गॉगल काय जन्मभर घालणार हाय का तो?" असं आईचं. उत्तर महिनाअखेरच्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नकार द्यायला सुलेखाकडं कारण नव्हतं, आणि होकार द्यायला तर त्याहून नव्हतं.

"कॉन्टॅक्ट लेन्स लावून वर साधा गॉगल घालता येईल," ती शंतनूला म्हणाली. त्याचा नंबर उणे साडेसहा होता.

"डोळ्याकडं बोट आलं की मी बेशुद्ध पडतो."

"कुणाचंही बोट?"

तो थोडा वेळ विचारात पडला. "बाहेरच्या कुणी अजून प्रयत्न केलेला नाही."

सुलेखानं खोटंच काहीतरी शोधायला ड्रॉवर उघडला. बंद केला. मग गंभीर आवाजात सांगितलं, की चष्म्यावरून मोठा गॉगल लावता येतो, पण वाऱ्यानं आतला चष्मा हलला तर नाकाचं काही खरं नाही. त्यापेक्षा मऊ कडेचा, न फुटणाऱ्या प्लास्टिकचा पारदर्शक गॉगल घेऊ आणि त्याच्या आतच नंबरची भिंगं बसवू. मागं घट्ट पट्टा.

"म्हणजे खालचं दिसणार?"

"एकेक बाभळ दिसणार."

"अरे देवा," शंतनू म्हणाला. पण उठला नाही.

भिंगं बसवायची तर दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं. सुलेखा पट्टी घेऊन त्याच्या समोर बसली. नाकाला नाक लागेल एवढ्यावर. हे काम ती रोज पंधरा-वीस वेळा करायची आणि त्या वेळी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करायची.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघा," ती म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे तिनं उजवा मिटला.

कूलरमधून पाणी टपकत होतं.

"मॅडम," शंतनू म्हणाला, एखादी वायर उघडी आहे असं सांगावं त्या सुरात, "तुम्ही डोळा मारलात."

"तो मापाचा भाग आहे. एक डोळा मिटल्याशिवाय रेघ बरोबर दिसत नाही."

"सगळ्यांना मारता?"

"सगळ्यांना."

"त्यात पुरुष किती?"

"ते मी मोजत नाही. मी फक्त अंतर मोजते. आणि डाव्या डोळ्यात बघा म्हटलं ना? मिटलेल्यात कशाला बघताय?"

"तिथं काय झालं ते पाहत होतो..."

संध्याकाळच्या भाजीचं काय ते सुलेखाला त्या दिवशी आठवलंच नाही. मेथी समोर निवडून पडली होती.

आठवड्यानं गॉगल तयार झाला. शंतनूनं तो घातला आणि खाली फरशीकडं पाहिलं.

"जमिनी दोन दिसतायत, मॅडम. घाबरायला एक पुरेशी होती."

माप चुकलं होतं. सुलेखाचं माप दुकान उघडल्यापासून चुकलं नव्हतं. पुन्हा पट्टी, पुन्हा डावा डोळा, पुन्हा तो उजव्यात बघत बसला. दुसरा गॉगलही वाया गेला.

"अगं, अख्ख्या गारखेड्याची मापं बरोबर घेतली तू," सत्यभामाबाई तो गेल्यावर म्हणाल्या. "ह्याच्याच डोळ्यात काय पडलंय?"

"तो नीट बघत नाही, आई."

"व्हय. लई बघतो म्हणून नीट बघत नाही."

शेवटी सुलेखानं त्याच्या जुन्या चष्म्यावरून अंतर काढलं. हे ती पहिल्या दिवशीही करू शकली असती. का केलं नाही, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनं स्वतःलाही विचारायचं टाळलं.

तिसरा गॉगल बरोबर जमला. आता वाऱ्याची परीक्षा. कूलरसमोर तोंड धरून झालं, त्यात फक्त वाळ्याचा वास आला. मग सुलेखानं शटर आईच्या हवाली केलं आणि स्कूटी पैठण रोडला घातली. मागं शंतनू, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, हनुवटी तिच्या खांद्यावरून पुढं काढलेली, म्हणजे वारा सरळ लागावा. चितेगावकडून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून मान देत होते.

"हलतोय का?" तिनं ओरडून विचारलं.

"गॉगल नाही हलत!"

"मग काय हलतंय?"

उत्तर वाऱ्यानं नेलं. तिनं स्कूटी कडेला घेतली. लिंबाखाली दोघं उसाचा रस प्यायले. रसवाल्यानं शंतनूकडं बघून जरा जास्तच बर्फ टाकला.

"कूपन दोघांचं आहे," शंतनू ग्लासात बघत म्हणाला. गॉगल अजून डोळ्यांवरच होता.

"मग दुसरं कोण येतंय?"

"ती जागा रिक्त आहे."

"जाहिरात दिली का?"

"पात्रता कठीण आहे..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुलेखा वाट बघत राहिली. एक ट्रक गेला, दुसरा गेला, एक बैलगाडीसुद्धा गेली. शंतनूनं रस संपवला आणि म्हणाला, "स्वच्छता बरी ठेवलीय इथं."

उडी महिनाअखेरच्या रविवारी सकाळी होती. नाशिकला उत्तर त्याच रविवारी संध्याकाळी. सुलेखानं हे त्याला दोन वेळा सांगितलं होतं, सहज सांगितल्यासारखं. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "नोंद घेतली."

शुक्रवारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, खिशाला पेन. "दत्तोपंत देवधर," त्यांनी सांगितलं. "शंतनूचा बाप. तो हल्ली आरशासमोर एक डोळा मिटून उभा असतो. म्हटलं, साथ आहे का काय ते विचारून यावं."

सत्यभामाबाईंनी पदर सावरला. त्या आडवळणानं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आमचं आडनाव साळवे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं हात केला.

दत्तोपंतांनी फोटोकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. "दिसतंय मला," ते म्हणाले. "दूरचा नंबर वाढलाय, पण हे दिसतंय. सगळी नोकरी तहसीलला जातीचे दाखले तपासण्यात गेली, ताई. आता घरी बसून पुन्हा तेच काम करायचा फार कंटाळा येतो."



"साखर चालती का चहात?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"डॉक्टर नाही म्हणतात."

"मी डॉक्टर नाय."

चहा आला. दत्तोपंत तो फुंकून प्यायले आणि जाताना सुलेखाला एवढंच म्हणाले, "त्याला बोलायला वेळ लागतो. चालायलाही वेळच लागला होता. पण एकदा चालायला लागल्यावर पडला नाही कधी."

"रविवारी पडणार आहे," सुलेखा म्हणाली.

त्या रात्री तिनं आईला जाहीर केलं, की आपण स्वतः वापरल्याशिवाय दुकानातला माल देत नाही, हे तत्त्व आहे. तेव्हा गॉगल तपासायला तिला बरोबर जावं लागेल. ग्राहकसेवा.

"मागच्या वर्षी काणेबाईंना मोतीबिंदूचा चष्मा दिला," आई म्हणाली. "तवा मोतीबिंदू करून घेतला नव्हतास तू."

पण तिनं डब्यात दशम्या बांधून दिल्या.

रविवारी सकाळी विमान वर चढत होतं. प्रत्येकाच्या पाठीला एकेक प्रशिक्षक पट्ट्यांनी बांधलेला, पॅराशूट त्याच्याकडं. शंतनूनं सगळ्यांच्या पट्ट्या स्वतः तपासल्या, वैमानिकाच्यासुद्धा. मग तो सुलेखाकडं वळला. ओठ हलले. इंजिनाचा आवाज त्याच्याहून मोठा होता. "खाली गेल्यावर..." एवढंच तिला ऐकू आलं, आणि दार उघडलं. तो गेला.

मग ती गेली.

गाल कानांपर्यंत गेले. पण गॉगल जागचा हलला नाही, हे तिनं धंद्याच्या सवयीनं आधी तपासलं. खाली शेतांचे तुकडे गोधडीसारखे पसरले होते. प्रशिक्षकानं तिला सरकवत सरकवत शंतनूच्या समोर आणलं, दोन हातांवर.

तो ओरडत होता. तोंड पूर्ण उघडं, वारा आत शिरून गालांचे फुगे झालेले. एक अक्षरही पोचत नव्हतं. तो लग्नाचं विचारत असावा, असं तिला वाटलं. तो "वाचवा" म्हणत असण्याचीही शक्यता होती. दोन्हींत तोंड सारखंच उघडावं लागतं.

मग तिनं त्याचे डोळे पाहिले. गॉगलमधून स्वच्छ दिसत होते, वाफ नाही, काही नाही. खालचं दिसू नये म्हणून तीन गॉगल घेऊन दुकानात आलेला हा माणूस खाली बघतच नव्हता. तो सरळ तिच्या डाव्या डोळ्यात बघत होता. पहिल्यांदाच, सांगितलं होतं तिथं.

सुलेखानं उजवा मिटला.

त्याचं तोंड बंद झालं. वाऱ्यात ते करणं सोपं नाही. तेवढ्यात पॅराशूट उघडलं आणि कुणीतरी त्याला शेंडीला धरून वर ओढून नेलं.

छत्रीखाली एकदम शांत झालं, तेव्हा त्यानं अर्धवट राहिलेलं वाक्य पहिल्यापासून, मोठ्यानं, न अडखळता म्हटलं. पाठीवरच्या प्रशिक्षकानं आधी पट्टा तपासला. मग म्हणाला, "सर, मेरी तो हो चुकी है. दो बच्चे हैं."

जमिनीवर सुलेखा गुडघ्यांवरची माती झटकत होती. शंतनू पट्टे सोडवून तिच्याकडं आला.

"तो... मापासाठी होता का?"

"माझ्या हातात पट्टी होती का?"

"नव्हती." त्यानं गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे मग..."

"शंतनू, संध्याकाळपर्यंत नाशिकला फोन करायचाय. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. जमिनीवर. आवाजासकट."

त्यानं तोंड उघडलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दूर एक टिटवी ओरडली. सुलेखानं या वेळी ट्रक मोजले नाहीत. तिनं त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल हातानं वर सरकवला, बोट अगदी पापणीजवळून गेलं, आणि तो बेशुद्ध पडला नाही.

"करशील का?" तो म्हणाला. मधले सगळे शब्द गाळून.

"केव्हाच म्हटलंय हो."

तिथंच, दशमीचा घास तोंडात धरून, सुलेखानं आईला फोन लावला. पलीकडून बराच वेळ काउंटर पुसल्याचा आवाज येत राहिला. मग, "नाशिकला मीच कळवते. दशम्या पुरल्या का त्याला?"

निघताना आयोजकांनी अभिप्रायाचा कागद पुढं केला. शंतनूनं वडिलांसारखं खिशातून पेन काढलं, आणि सुलेखानं त्याच्या खांद्यावरून वाचलं:

मा. व्यवस्थापक महोदय यांस, सविनय सादर. आपली सेवा समाधानकारक असून गॉगलबाबत कोणतीही तक्रार नाही. तथापि प्रत्यक्ष पडतेवेळी उपलब्ध उंची अत्यंत अपुरी असल्याने एक महत्त्वाचे वैयक्तिक काम हवेत पूर्ण होऊ शकले नाही व समोरील व्यक्तीचा उजवा डोळा पुन्हा उघडताना पाहण्याची संधी हुकली. तरी पुढील खेपेस आम्हा उभयतांसाठी जमीन आणखी किमान वीस हजार फूट खाली घेण्यात यावी, ही नम्र विनंती.