तळहाताएवढी म्हातारी

"आज चोर सापडला नाही, तर संध्याकाळी आम्ही खोलीबाहेर," पाणकोंबडी म्हणाली आणि तिने पायाचा चिखल झटकला.

ती तळ्याच्या राखणदाराची मुलगी. सदा पाण्यात, म्हणून हे नाव. तिच्याबरोबर गवतात दडून बसलेली दोघं सुट्टीत मामाकडे आलेली भावंडं. थोरलीच्या खिशात कायम भिंग, म्हणून ती भिंग. धाकटा बडबड्या, त्याला गप्प करणं अजून कुणालाच जमलेलं नव्हतं.

मामा मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. जाळ्यात मोठे मासे येईनासे झाले, तेव्हा त्याने निकालच देऊन टाकला : कुणीतरी मोठे मासे चोरतंय आणि राखणदार त्याला सामील आहे. पुरावा? अध्यक्षाला पुरावा कशाला लागतो? आजच्या सभेत राखणदाराला काढायचं आणि तळ्याकाठची खोली रिकामी करून घ्यायची, हे ठरल्यातच जमा होतं.

"सुट्टी लागल्यापासून इथे डासांना रक्त पाजतोय," बडबड्या म्हणाला. "चोर नाही, चोराची चप्पलसुद्धा नाही."

"तू तोंड मिटलंस तर येईल ना कुणी," भिंग म्हणाली.

"म्हणजे चोर मला घाबरतात. मग मलाच ठेवा राखणदार."

पाणकोंबडी हसली नाही.

भूक लागली तशी तिघं मामाच्या घरी परतली. मामी मागच्या दारी मासे साफ करत होती. सगळे तळहाताएवढे. तिने एका मासळीचं पोट चिरलं आणि आतून पिवळी अंडी बाहेर आली.

"अगंबाई, एवढ्याशा पोरीच्या पोटात पोरं," मामी म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा अंडीवाली मासळी परातीत मावायची नाही."

भिंग खाली बसली. तिने एक खवला पुसून उजेडात धरला आणि त्यावर भिंग रोखलं.

"खवल्यावर कडी असतात, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. विज्ञानाच्या बाईंनी दाखवली होती. त्यावरून वय कळतं." ती बराच वेळ पाहत राहिली. "मामी, ही पोर नाही. ही म्हातारी आहे."

"एवढीशी म्हातारी?" बडबड्याने मान खुपसली. "वाढायची विसरली की काय?"

"विसरली म्हणूनच जगली." भिंगने कुंपणावर वाळत घातलेल्या जाळ्याकडे बोट दाखवलं. "मामी, जाळं पहिल्यापासून असंच आहे?"

"छे गं, हे तिसरं. मासे लहान झाले की भोकंही लहान करतात. पहिल्या जाळ्यातून तर तुझा भाऊ आरपार गेला असता."

भिंग आता भराभर बोलू लागली. "एकाच आईची पिल्लंसुद्धा सारखी नसतात. काही झपाट्याने वाढतात. काही खुरटी राहतात आणि लवकर अंडी घालतात. झपाट्याने वाढलेला अंडी घालण्याआधीच जाळ्यात अडकतो. खुरटा निसटतो, आणि त्याची पिल्लं बहुतेक त्याच्यासारखीच. पुन्हा जाळं, पुन्हा खुरटेच उरतात. असं पिढ्यान् पिढ्या."

"मग मोठे मासे चोरले कुणी?" पाणकोंबडीने विचारलं.

"संस्थेने. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत."

"जाळं बंद केलं तर परत येतील?"

"वाढण्याचा गुण ज्यांच्यात होता, ते आपण खाऊन बसलो." भिंगचा आवाज खाली गेला. "एखाददुसरा उरला असेल तर पुष्कळ वर्षांनी. कदाचित. नाहीतर नाहीच."

संध्याकाळी तिघं थेट सभेत घुसली. राखणदार दाराशी उभा होता. त्याला बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. भिंगने टेबलावर मासळी ठेवली, खवला ठेवला आणि न अडखळता सगळं सांगितलं. सभासदांनी आळीपाळीने भिंगातून पाहिलं. शेवटी मामाने घसा साफ केला.

"म्हणजे चोर नव्हताच."

"नव्हता, मामा. राखणदारकाकांनी काहीच केलेलं नाही."

"शाब्बास! भाची कुणाची आहे!" मामाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. पाणकोंबडीने बापाचा हात घट्ट धरला. त्याने डोळे पुसले.

"आता कामाचं बोलू," मामा म्हणाला. "हे एवढेसेच जर म्हातारे असतील, तर त्यांना सोडायचं कशाला? आणखी बारीक भोकांचं जाळं आणू."

"मामा, मी नेमकं उलटं सांगतेय—"

"ऐकलं बाळ. फार हुशार आहेस." त्याने दाराकडे पाहिलं. "आणि चोरी होतच नसेल, तर राखणदाराला पगार कशाबद्दल द्यायचा? तुमच्यावर काही आळ नाही हं. महिनाअखेरीस खोली तेवढी रिकामी करा."

सगळ्यांचे हात वर झाले. त्याच हातांनी जाताना भिंगची पाठ थोपटली.

महिना संपला तेव्हा सुट्टीही संपत आली होती. तिघांनी मिळून खोलीतलं सामान बाहेर काढलं : गाद्या, स्टोव्ह, पाण्याचं पिंप. समोर तळ्यात नवं जाळं उतरत होतं, इतकं बारीक की त्यातून करंगळी जेमतेम गेली असती. बडबड्या सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता.

पाणकोंबडीने पिंपाची एक कडी धरली, दुसरी भिंगने.

"खरंच चोर असता," पाणकोंबडी म्हणाली, "तर बरं झालं असतं."