अकरा मांजरं आणि दालन तीन

"अकरा! एक नाही, दोन नाही, अकराच्या अकरा बेपत्ता!"

बोका धापा टाकत जिना चढून आला आणि दारातच फतकल मारून बसला. सुट्टीचा दुसरा दिवस होता. भिंगरी आणि तिचा मामेभाऊ मोजपट्टी खोलीभर कागद पसरून सायकलसहलीचा नकाशा काढत होते.

"कोण बेपत्ता?" भिंगरीने विचारलं.

"मांजरं! चार दिवस झाले, दुधाला एकही येत नाही. बशीवर साय धरली!"

गल्लीतल्या सगळ्या मांजरांना बोका रोज दूध घालायचा, म्हणून तर तो बोका. मोजपट्टीला ते नाव पडलं कारण त्याला दिसेल ते मोजायची खोड होती. एकदा त्याने आत्याच्या दोन घोरण्यांमधले सेकंद मोजून वहीत लिहिले होते आणि आत्याकडून कान पिळून घेतला होता. ही आत्या म्हणजे भिंगरीची आई. आणि भिंगरी? ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती.

"थंडीचे दिवस. गेली असतील कुठेतरी उबेला," मोजपट्टी मान वर न करता म्हणाला.

"उबेला? ह्या थंडीत दगडसुद्धा कुडकुडतोय! ऊब आहे कुठे?"

"तेच तर शोधायचं!" भिंगरी केव्हाच चपला घालून जिना उतरायला लागली होती.

अर्ध्या तासात मांजरं सापडली. गावाबाहेर जिथे डेटा सेंटर होतं, त्याच्या मागच्या बाजूने एक अरुंद रस्ता जात होता. रस्त्याला लागूनच इमारतीची लांबलचक भिंत, भिंतीत जाळीचे झरोके आणि झरोक्यांखाली हातभर रुंदीचा कट्टा. त्या कट्ट्यावर अकरा मांजरं पोट वर करून घोरत होती!

"लबाड कुठले! मी तिकडे दूध घेऊन रडतोय," बोका म्हणाला आणि कट्ट्याला टेकला. लगेच दचकून सरळ झाला. "अगं, भिंत गरम आहे!"

भिंगरीने हात लावला. खरंच की! झरोक्यांतूनही गरम वारा येत होता.

"हे कितवं दालन?" तिने हळूच विचारलं.

मोजपट्टीने कोपऱ्यापासून पावलं मोजली, दारं मोजली. "तीन नंबरचं."

"पण तीन नंबर तर बंद आहे! आई रोज सांगते!"

भिंगरीचा चेहरा उतरला, कारण गेले दोन आठवडे तिच्या घरात ह्याच जागेबद्दल बोलणं चाललं होतं. तिची आई इथे चिलरवर मिस्त्री होती. चिलर म्हणजे पाणी गार करणारी अवजड यंत्रं. डेटा सेंटरमधले शेकडो संगणक रात्रंदिवस तापतात, आणि ते गार पाणी खेळवून त्यांना थंड ठेवावं लागतं. त्यासाठी वीज लागते आणि इथली वीज कोळसा जाळून यायची. कंपनीने शब्द दिला होता की वर्षभरात विजेचा पाचवा हिस्सा कमी करू, तेवढा धूर कमी करू. नवे संगणक आले, जुनं दालन तीन बंद झालं. तरी वीज काही कमी होईना! व्यवस्थापकसाहेबांनी बोट दाखवलं ते थेट आईकडे. म्हणाले, चिलर नीट सांभाळता येत नाहीत. हा शब्द पाळला का ते बघायला गुरुवारी तपासनीस बाई येणार होत्या. त्या शुक्रवारी परतल्या की आईच्या जागी दुसरा मिस्त्री येणार, असंही साहेबांनी सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी आई घरी आल्याबरोबर तिघांनी तिला घेरलं.

"गरम? दालन तीन?" आई हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. "मी म्हणत होते ना! माझ्याकडून गार पाणी जातं जास्त, आणि इमारतीच्या नकाशावर चालू दालनांचा हिशोब लागतो कमी. मी तीनची किल्ली मागितली, तर साहेब म्हणाले, रिकाम्या खोलीत काय बघायचंय?"

"मग उद्याच साहेबांना सांगू या!" बोका म्हणाला.

"काय सांगणार? मांजरं झोपलीत म्हणून?" आई हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. तिने कपाटातून एक पिस्तुलासारखं यंत्र काढलं. "हे धर. भिंतीवर रोखलं की तापमान सांगतं. माझं जुनंच आहे, तरी खेळणं नाही ते. एकदा मोजलेलं कुणी ऐकत नाही. तीनदा मोजायचं, आणि शेजारची भिंतही मोजायची. रस्त्यावरूनच मोजा, आत पाऊल टाकायचं नाही."

मोजपट्टीने ते यंत्र दोन्ही हातांनी धरलं. "आत्या, आजवर माझ्या मोजण्याला तू नावं ठेवलीस..."

"आता ठेवत नाही. नीट मोज!"

दोन दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ तिघं मोजत राहिले. तीन नंबरची भिंत एकतीस अंश. शेजारची, गोदामाची भिंत नऊ अंश. एकदाही चूक नाही. पण आत आहे तरी काय?

ते कळलं फाटकावर. पहारेकरी आजोबा आपल्या खोलीत टेबलावर वाकून मोठ्या निगुतीने पिवळ्या चिठ्ठ्या लिहीत बसले होते. भिंगरीने खिडकीतून डोकावून वाचलं, "विचारल्याशिवाय बंद करू नये. फोन १४२."

"आजोबा, ह्या कशाला?"

"तीन नंबरमधल्या यंत्रांना चिकटवायला," आजोबा अभिमानाने म्हणाले. "जुने साहेब जाताना सांगून गेले, चिठ्ठी पडली तर नवी लाव. दर वर्षी सगळ्या नव्या करतो. अक्षर बघ! आहे का कुणाचं असं?"

"म्हणजे आत यंत्रं आहेत?" मोजपट्टी किंचाळलाच.

"दोनशे सोळा. लुकलुकतात नुसती."

"चालू आहेत?"

"चालूच की! बंद कोण करणार? वर लिहिलंय ना, विचारल्याशिवाय करू नये."

बोक्याने डोकं खाजवलं. "पण आजोबा, विचारायचं कुणाला?"

"एकशे बेचाळीसला."

"आणि विचारलं का कुणी?"

आजोबांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आजवर पडलाच नव्हता. "मी चिठ्ठ्या लावतो बाबा. विचारणं माझं काम नाही. मला वाटलं, साहेब विचारत असतील."

आजोबांच्या टेबलावर इमारतीतल्या इमारतीत बोलायचा फोन होता. भिंगरीने हात जोडले. "आजोबा, एकच फोन! आम्ही आत येत नाही. तुम्हीच लावा."

आजोबांनी आकडे दाबले आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. चार वेळा घंटा वाजली.

"हां, बोला! कँटीन!"

"कँटीन?" आजोबांचा आवाज चिरकला. "तिथे जुने साहेब बसायचे ना?"

"ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची खोली आता माझं स्वयंपाकघर आहे," स्वयंपाकीणबाई पलीकडून म्हणाल्या. भांडी वाजत होती. "फोन भिंतीवर तसाच राहिलाय. सहा वर्षांत ह्याच्यावर आलेला पहिला फोन तुमचा! काय हवंय?"

बोका फोनकडे वाकून म्हणाला, "काही नाही मावशी. सहज विचारलं!"

आता सगळा उलगडा झाला. काम नव्या दालनात गेलं तेव्हा कुणीतरी तीन नंबरचे दिवे बंद केले, दार बंद केलं आणि नकाशावर 'बंद' लिहून टाकलं. यंत्रांना मात्र कुणी हात लावला नाही. जो आत डोकावे त्याला नवीकोरी चिठ्ठी दिसे. त्याला वाटे, ह्या यंत्राची कुणालातरी गरज आहे! दोनशे सोळा यंत्रं कुणाचंही काम न करता तापत होती, आणि आईचे चिलर त्यांना गार करत होते.

भिंगरी धावतच व्यवस्थापकसाहेबांकडे गेली. साहेब गाडीतून उतरत होते.

"साहेब, दालन तीनमध्ये—"

"तू मिस्त्रीबाईंची मुलगी ना? आईने पाठवलं वाटतं! हे बघ, तीन नंबर बंद आहे. नकाशावर लिहिलंय. उद्या पाहुण्या येणार आहेत, फाटकाजवळ एकही मूल दिसता कामा नये!"

भिंगरी परत आली ती नाक फुगवून. "ऐकूनच घेत नाहीत! आणि उद्या बाईंना तीन नंबर दाखवणारच नाहीत."

"फाटकाजवळ दिसायचं नाही ना?" मोजपट्टी सायकलसहलीच्या नकाशावर बोट ठेवत म्हणाला. "नाही दिसणार. मागचा रस्ता फाटकाजवळ कुठे आहे? आणि स्टेशनाकडून येणारी गाडी ह्याच रस्त्याने येते!"

गुरुवारी सकाळी तपासनीस बाईंची गाडी मागच्या रस्त्याला वळली. कट्ट्यावर ओळीने अकरा मांजरं, मधोमध बारावा बोका, आणि भिंतीपुढे दोन काठ्यांवर ताणलेला भलामोठा कागद. त्यावर लिहिलं होतं:

'मांजरांसाठी मोफत हीटर! ही भिंत ३१ अंश. शेजारची भिंत ९ अंश. आतल्या दालनाचं नाव: बंद.'

गाडी पुढे गेली. थांबली. आणि मागे आली!

उंच, पांढऱ्या केसांच्या बाई खाली उतरल्या. "हे कुणी मोजलं?"

"मी! तीन-तीनदा!" मोजपट्टीने वही पुढे केली.

बाईंनी पानं उलटली. स्वतः भिंतीला हात लावला. मग तिघांचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न बोलता. "चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

व्यवस्थापकसाहेब हार-तुरे घेतल्यासारखे हात पुढे करून फाटकात उभे होते. बाईंच्या मागून उतरलेली तीन मुलं पाहून त्यांचे हात तसेच राहिले.

"आधी दालन तीन," बाई म्हणाल्या.

"ते तर बंद आहे, बाई!"

"मग उघडा."

आजोबांनी किल्ली फिरवली. आत काळोख होता आणि काळोखात शेकडो हिरवे दिवे मिचमिचत होते. गरम वारा तोंडावर आला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दिवे होते तिथेच होते.

आईलाही बोलावून घेतलं होतं. साहेब घाईने म्हणाले, "लगेच सगळी बंद करतो!"

"नको!" आई पुढे झाली. "सहा वर्षं न विचारता चालू ठेवली, आता न विचारता बंद करायची? एखादं खरंच कुणाच्या कामाचं असेल तर? आधी फक्त बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तारा काढू. यंत्र चालू राहू दे. ज्याचं अडेल तो फोन करेल. तार परत लावली की काम पुन्हा सुरू."

तपासनीस बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "आणि कुणाचंच अडलं नाही तर?"

"तर उद्या ह्याच वेळेला मी आपल्या तीन चिलरांपैकी एक बंद करून दाखवते."

तारा निघाल्या. एकशे बेचाळीस नंबरचा फोन कँटीनमधून आणून आजोबांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेरून येणारे तक्रारीचे फोनही त्याच्यावर वळवले. दिवसभर तिघं त्याच्याभोवती बसून होते. आईचं सगळं त्या एका फोनवर अवलंबून होतं! दुपारी तो वाजला. एका दूरच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी अडली होती. तार परत लावली. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. एका हवामान केंद्राच्या नोंदी! तीही तार लागली. संध्याकाळी तिसऱ्यांदा वाजला.

"अहो, माझा पडद्यावरचा जेवणाचा फलक कुठे गेला?" स्वयंपाकीणबाई ओरडत होत्या. "लोक मला विचारून विचारून भंडावतायत!"

आजोबा इतके हसले की त्यांची टोपी पडली.

नंतर फोन गप्प झाला, तो शुक्रवारी सकाळपर्यंत. दोनशे सोळापैकी तीन! बाकी दोनशे तेरा कुणाचीच नव्हती. ती तीन कामं नव्या दालनात हलवली आणि तीन नंबरमधले दिवे एकेक करून मालवले.

मग सगळे चिलरच्या शेडमध्ये जमले. आईने कळ खाली ओढली. यंत्राची घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली. आईने त्याच्या पत्र्यावर तळवा ठेवला, दमलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. उरलेली दोन यंत्रं आरामात काम करत होती. विजेचा काटा पाचव्या हिश्शाहून जास्त उतरला होता!

"मिस्त्रीबाई," व्यवस्थापकसाहेब खाली बघत म्हणाले, "चूक तुमच्या यंत्रांची नव्हती. माझी होती. तुम्ही किल्ली मागितली तेव्हाच द्यायला हवी होती. ही जागा तुमचीच आहे."

"आणि आजपासून सगळ्या दालनांच्या किल्ल्या ह्यांच्याकडे," तपासनीस बाई म्हणाल्या. मग त्या मुलांकडे वळल्या. "मी आजवर अशा पन्नास इमारती तपासल्या. मोठमोठे आराखडे पाहिले. पण भिंतीला हात लावून बघणारी माणसं मला फार थोडी भेटली. तुमची वही मी बरोबर नेऊ का? इतर ठिकाणी दाखवायची आहे."

मोजपट्टीने वही छातीशी धरली, आत्याकडे पाहिलं आणि मग दोन्ही हातांनी ती बाईंना दिली. "फक्त त्यातलं घोरण्याचं पान वाचू नका!"

"अरे मेल्या!" आई ओरडली आणि शेडभर हशा उसळला. सगळ्यांत मोठ्याने हसली तीच.

चिलरच्या खोलीत एक जाड नोंदवही असते. कोणतं यंत्र कधी थांबवलं आणि का, हे तिच्यात लिहावं लागतं. आईने वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली. कारणाच्या रकान्यापाशी ती जरा थांबली. मग तिने भिंगरीला जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मुलांनी विचारलं.'