कळलावीला पाणी कुणी सोडलं?

"वास घे!" मोनालीनं मातीची मूठ थेट सत्यजीतच्या नाकाखाली धरली.

"शी! कुजकट! आन् ओली कशी गं? मे महिना चाललाय!"

तेच तर विपरीत होतं! मांडवगण फराट्यातल्या मोनालीच्या घरच्या उसाच्या बांधावर तिच्या आईनं माळावरची कळलावी आणून लावली होती. तो माळ पुढं मुरमासाठी पार खणून नेला. पावसाळ्यात बांधावर लालपिवळ्या फुलांचा नुसता जाळ दिसायचा. मग वेल वाळायचे आणि कंद जमिनीत झोपून जायचे. झोपलेल्या कंदांना पाणी द्यायचं नाही, हे आईनं मोनालीला दहादा बजावलं होतं. दिवाळीनंतर आई गेली. आता हे कंद कुजले तर आईच्या हातचं काहीसुद्धा उरणार नव्हतं!

"कळलावी घरात आणली की भांडणं लागतात म्हणं," सत्यजीत म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम मारत असंल."

"तुमच्या घरी तर न आणताच लागतात!" त्यांचा मित्र नागसेन उसाचं वाळलेलं पाचट उकरत म्हणाला. "अरं, हे बघा!"

पाचटाखाली ठिबकची नळी! उसातून गुपचूप इथवर आणलेली!

"धरूच त्याला!" मोनालीनं मुठीतली माती रागानं फेकली.

नागसेननं नळी दुमडून तारेनं करकचून बांधली. "पाणी थांबलं की येईलच बघायला."

तिघं उसात दडले. पानं अंगाला कापत होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

ऊन कलल्यावर चोर आला आणि तार सोडायला वाकला. मोनालीचे वडील, आनंदराव!

"आप्पा! तुम्ही?"

आनंदराव दचकले. "तुझी आई गेली, आन् हे बी वाळून गेलं. बघवंना गं. म्हटलं, पाणी दिलं की फुटंल."

"ते झोपलेत, आप्पा! पाण्यानं कुजतात!"

कंद विषारी, म्हणून हातांना पिशव्या बांधून सगळ्यांनी खणायला घेतलं. पहिला कंद बोटांत चिखल झाला. दुसराही तसाच. मोनाली रडत रडत उकरत राहिली. बांधाच्या पार टोकाला, कोरड्या मुरमात, एक कंद हाताला टणक लागला.

"जिता हाय!" ती ओरडली.

"शाब्बास रं पोरांनो!" आनंदराव म्हणाले. "तुम्ही नसता तर ह्योबी मी मारला असता. तिनं मला कवा सांगितलंच न्हाई."

"तुम्ही विचारलंत कवा, आप्पा?"

आनंदरावांनी नळी हिसडून उसात फेकली आणि ते लेकीशेजारी मातीत बसले.

"न्हाई विचारलं," ते म्हणाले. "आता तू सांग."