आकडा अठरा

अक्ताऊ बंदरात बावीस वर्षं मी जहाजांवरच्या उपग्रहाच्या तबकड्या दुरुस्त करतोय. माझ्या हातून एकही जहाज मुकं समुद्रात गेलेलं नाही. माझी बायको कुनसुलू प्रत्येक मेजवानीत हे सांगायची. मला लाज वाटायची, पण आवडायचंही. तिला जाऊन तीन महिने झाले.

गुरुवारी एका मालवाहू जहाजाची तबकडी उपग्रह सोडून खाली झुकू लागली. मोटर, पट्टे, होकायंत्राकडून येणारी तार, सगळं तपासलं. दोष सापडेना. उपग्रह पकडून दिला की दहा मिनिटांत ती पुन्हा क्षितिजाकडे वळायची.

"दोसान-आगा, जमत नसेल तर बाकूचा माणूस बोलावतो," कप्तान जाक्सिलिक म्हणाला. "उद्या संध्याकाळी निघायचंय."

"बाकूचा माणूस या जिन्यावर चढला, तर हा पाना समुद्रात टाकीन."

शुक्रवारी सकाळी दुसऱ्या बाजूने माल भरायला जहाज उलटं फिरवून लावलं. दोष जहाजात असता तर तबकडीचं तोंडही त्याच्याबरोबर फिरलं असतं. ते फिरलं नाही. किनाऱ्यावरच्या त्याच जागेकडे राहिलं. आणि संकेताचा आकडा अठरा. उपग्रहावर मी कधी चौदाच्या वर पाहिला नव्हता.

नकाशावर पट्टी ठेवली. रेघ गावाबाहेरच्या कब्रस्तानातून गेली.

मी तबकडीवरच्या घुमटाचं झाकण बारा स्क्रूंनी आवळलं आणि घरी गेलो.

दर शुक्रवारी कुनसुलू गेलेल्यांच्या नावाने सात शेल्पेक, म्हणजे तेलातल्या पोळ्या, तळायची. तळणाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणे. ती गेल्यापासून आमच्याकडे कढई चढली नव्हती. शेजारच्या राउशानने पीठ मळून दिलं.

"तेल तापू द्या हो, आगा! मोटर आहे का ती, बटण दाबलं की सुरू व्हायला?"

तिसरी पोळी करपली. सातही पोळ्या शेजारी वाटल्या, दुआ मागितली आणि बंदरावर परतलो.

कप्तान जिन्यातच भेटला. "उपग्रह धरलाय! तासभर झाला, हलत नाही. काय केलंत?"

"एक काम राहिलं होतं."

"मानलं बुवा. बाकूवाले बसले घरी."

मला कुनसुलूने हे ऐकायला हवं होतं असं वाटलं. तिचा शब्द खरा राहिला होता.

शेवटची पाहणी करायला वर चढलो. सकाळचे बाराही स्क्रू जागेवर होते. काढले, झाकण उचललं. तबकडी आकाशाकडे बघत होती.

आत तळणाचा वास कोंडला होता. थोडा करपलेला.