मधल्या धारेची ओंजळ

राग माझ्या नाकावर असतो, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण त्या दिवशी तोंड उघडायचं नाही असं मी ठरवूनच निघाले होते. आईवडलांमागं मीच वाढवलेली माझी धाकटी बहीण, स्वप्नाली, तिच्या लग्नाचा दुसरा दिवस. आमच्या कडा गावाहून मीच पाठराखीण म्हणून गेले. सासर वडवणीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. तिथलं जुनं दगडी कारंजं बघायला लांबून लोक येतात. आम्ही नवी नवरी घेऊन पोचलो तेव्हाही दोन जीपभर माणसं फोटो काढत होती.

कारंज्याला पाच तोंडं, पाचही बायकांची. डोळे मिटलेले, ओठांतून मनगटाएवढी धार. स्वप्नालीच्या सासूबाई, केसरबाई (तिकडं सासूला आत्याबाई म्हणतात), कौतुकानं सांगत होत्या. कुण्या सुभेदाराच्या बायकोनं बांधलं म्हणे. पाच तोंडं म्हणजे तिच्या पाच लेकी, कपाळावरचं कमळ म्हणजे सवाष्णीचं कुंकू. नव्या सुनेनं मधल्या धारेची ओंजळ पिली की ती या गावची झाली, माहेर तिला परकं. मी हो हो करत होते. मी विज्ञान शिकवते. मला दिसत होता तो डोंगरावरचा हौद आणि तिथून आलेला खापरी नळ. उतार आहे म्हणून पाणी येतं, एवढीच त्यातली जादू.

स्वप्नालीनं ओंजळ पुढं केली. धार थांबली.

तिनं हात काढला, धार सुरू झाली. शेजारच्या तोंडाखाली धरला, तीही थांबली. पाचही ठिकाणी तेच.

"पांढऱ्या पायाची हाय ही," केसरबाई म्हणाल्या. "घरात घ्यायची न्हाई."

नवरदेव बद्रीनाथ स्वतःच्या चपला बघत उभा. लोकांचे मोबाईल माझ्या बहिणीकडे वळले. तिचे हात अजून पुढंच होते, कोरडे.

माझं डोकंच सणकलं. कशाची पांढऱ्या पायाची! कुणीतरी मागून नळ दाबतंय, असं मी सगळ्यांसमोर सुनावलं. मागं जाऊन बघितलंही. नळ जमिनीत पुरलेला, तोटी नाही, माणूस नाही. मग परत येऊन मी माझेच हात मधल्या धारेखाली धरले. पाणी आलं. माझ्या हातानं पाजते, मग तर झालं, असं केसरबाईंना विचारलं. माणसं ऐकत होती, बाईंना मान डोलवावीच लागली.

ओंजळ जड लागली. पाणी बोटांच्या फटींतून गळत नव्हतं. माझे हात स्थिर होते, पाणी थरथरत होतं. तरी मी ते नेटानं तिच्या ओठांना लावलं. तिनं एक घोट घेतला.

केसरबाईंनी तिला आमच्या जीपमध्ये नेऊन बसवलं, दार लावलं. तेवढ्यात नारळ विकणाऱ्या भिवराबाईनं माझा पदर ओढला.

"कावून पाजलंस, लेकी? गंगासागरच्या हातावर बी असंच थांबलं व्हतं. बद्रीची पहिली बायको. तवा बी आमी तिलाच नावं ठिवली. साल न्हाई सरलं, तिला तिरडीवर नेलं. डोकं गच गुंडाळलेलं. कुणाला बघू दिलं न्हाई."

पहिली? आम्हाला कुणी पहिली सांगितलीच नव्हती.

हातातलं उरलेलं पाणी मी केसरबाईंच्या पायांवर फेकलं. पहिलीचं काय केलंत, असं ओरडूनच विचारलं.

"पडली," त्या म्हणाल्या. "पाय घसरून."

बद्रीनाथनं अजूनही वर बघितलं नाही. मी जीपचं दार उघडलं आणि बहिणीला हाताला धरून बाहेर काढलं.

आम्ही निघालो तेव्हा पाचही धारा बंद होत्या.

मी पोलिसांत तक्रार दिली. कुणी ढुंकून बघितलं नाही. अजून आठवलं की माझं रक्त खवळतं.

स्वप्नाली आता माझ्याजवळच आहे. जेवते, हसते. फक्त हाक मारली की ओ देत नाही. डॉक्टरांनी कान तपासले, ठणठणीत आहेत. पहिलीचं नाव मी घरात कधी काढलं नाही. एवढ्यातून सुटून आली आहे, तिला कशाला सांगायचं?

परवा सकाळी दूध उतू जात होतं. माझे हात कणकेत. मी स्वप्नाली, स्वप्नाली म्हणून घसा फोडला. ती पलीकडच्या खोलीतच होती. संतापात माझ्या तोंडात ते नाव कसं आलं, कुणास ठाऊक.

"गंगासागर!"

"आले, आत्याबाई."

ती लगेच आली. दोन्ही हातांनी डोकं झाकून.