राळ लावलेले केस

मंगली किंचाळली ती काही उगाच नाही. अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीतली अवकाळी सर, भर दुपारी अंधारून आलेलं, दुकानात ती एकटी – आणि दारात कमरेपर्यंत झिपऱ्या, ओघळलेलं काजळ आणि लालभडक ओठ! तिची बोबडीच वळली.

"ओ बाई, भेऊ नोका! माणूस आहो मी... पत्रू."

भुतानं डोक्यावरचा टोप काढला आणि उंबऱ्यात पिळला. खाली चांगला विशीबाविशीतला, गोरामोरा झालेला पोरगा निघाला.

दुकान तिच्या वडलांचं, देवाजींचं. वडशात नाटकवाल्यांना पोशाख, मुकुट, दाढ्यामिशा भाड्यानं देणारं. केसांचे टोप मंगलीच करायची, अंबाडीच्या दोऱ्यांचे.

"हे सोंग कोणत्या नाटकातलं?" तिनं छातीवर हात ठेवूनच विचारलं.

"नाटक नाई, बँड! आमी भद्रावतीचे, कारखान्याच्या कॉलनीतले. शंकरपटात वाजवाले आलो, तोपर्यंत वडशातच मुक्काम. शेजाऱ्याच्या व्हिडिओवर पाह्यलं – गोरे बाप्ये, ओठाले लाली, चमचम पँटी, अन् केस असे उभे, जसा करंट लागला! गातात का बोंबलतात समजत नाई, पण जीव लागला. आमी चौघं त्यायची नक्कल करतो. झिपरे बँड."

"अन् लोक?"

"लोळतात हसून. पण पाणी लागलं का केस झोपतात, म्हणून नवा टोप पाह्यजे. मंग मी नुसता भिजला कोंबडा दिसतो."

मंगली खुदकन हसली. तो मात्र हसला नाही, पाहतच राहिला... आणि सुई तिच्या बोटात गेली.

मग काय! टोपाचं माप द्यायला तो आला, रंग दाखवायला आला, काहीच काम नसताना आला. त्याची पावलं वाजली की मंगली आधी बाबा कुठं आहेत ते बघायची. देवाजींनी सगळ्या वडशाला सांगून ठेवलं होतं, "तमासे करणाऱ्याले मी पोरगी देणार नाई." त्यांची नजर पत्रूवरून तिच्यावर फिरली की ती हातातल्या टोपात तोंड खुपसायची.

"काऊन इतकी भेतं?" पत्रूनं हळूच विचारलं.

"तुमाले काय जाते विचाराले..."

"तुमी नोको म्हणू. तू म्हण."

त्याच्यासाठी टोप मात्र तिनं केला तो जीव ओतून. डिंक ओलाव्यानं सुटतो, म्हणून तिनं गुपचूप राळ तेलात उकळली आणि केसांना चोपडली. हातभर उंच उभे राहिले केस! पडू नये म्हणून हनुवटीखाली बांधायला दोन बंदही शिवले. पत्रू नाचतच घेऊन गेला.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, दुपारी जेवता जेवता देवाजी म्हणाले, "त्या झिपऱ्यायनं सकाळी राळ नेली माह्याकडून. मशालीवर फेकून जाळ काढते म्हणे तो पत्रू. राक्षस येते नाटकात, तसा."

मंगलीच्या हातातला घास गळून पडला. नाटकात राळेची चिमूट मशालीवर टाकली की पुरुषभर ज्वाळ उठते – आणि तीच राळ तिनं त्याच्या डोक्याला फासली होती! अग बाई, काय करून बसले मी?

"बाबा, सायकल नेतो!"

"कुठी? ओ पोरी!"

ती केव्हाच रस्त्याला लागली होती. पटाचं मैदान तीन मैल लांब. पायडल निसटत होतं, डोळ्यांपुढं एकच दिसत होतं आणि तिला ते बघवत नव्हतं. देवा, पोहोचू दे... एवढं पोहोचू दे.

शंकरपटाच्या मैदानात बैलजोड्यांच्या धुळीत माणूस माणसाला दिसत नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बँड बोंबलत होता, "ओ बेबी, धान कापाले ये!" आणि पत्रूच्या एका हातात मशाल होती, दुसऱ्या मुठीत राळ.

"पत्रू! फेकू नोको!"

कोण ऐकतंय! ती लोकांना ढकलत ट्रॉलीवर चढली. तिला पाहून तो वेडा खुशीत हसला आणि मूठ उघडली. भप्पकन ज्वाळ उठली... टोपाचं टोक पेटलं. मंगलीनं झेप घेऊन बंद तोडला, जळता टोप हातानंच ओढून खाली भिरकावला. जमिनीवर पडेपर्यंत त्याची होळी झाली होती.

"वन्समोर!" पब्लिक ओरडलं. "वन्समोर!"

दोघं ट्रॉलीमागं येऊन बसले. पत्रूची एक भुवई गेली होती. मंगलीचा तळवा भाजला होता.

"राळ मीच लावली होती," ती हुंदके देत म्हणाली. "तू आज... माह्या हातानं..."

"जाळाचा भेव नाई वाटला मले," तो म्हणाला. "तू त्या आगीत हात घातला, तवा वाटला. मंगले, तू मले पाह्यजे. आजच सांगतो, उद्याचं काय सांगता येते..."

तेवढ्यात कुणाच्या तरी मोटरसायकलवरून देवाजी उतरले. मंगलीनं धरलेला हात पत्रूनं सोडवायला पाहिलं. तिनं सोडला नाही.

"बाबा, हा माह्यामुळं मेला असता. आता तुमच्या भेवानं याले सोडू काय?"

देवाजी जळक्या टोपाकडे बघत राहिले, मग लेकीच्या तळव्याकडे. त्यांनी खांद्यावरचं उपरणं टर्रकन फाडलं, पट्टी पत्रूच्या हातात दिली.

"बांध," ते म्हणाले. "घट्ट नोको बांधू. पोरीले दुखंल."